बारा वॅटचा ट्यूब अ‍ॅम्प आणि ९८ डेसिबलचे टॉवर

पाचोऱ्याहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. घरी ईएल८४ जातीच्या व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या ट्यूबचा, पुश-पुल (ट्यूबची जोडी आळीपाळीने काम करते असा) ट्यूब अ‍ॅम्प आहे, चॅनलला १२ वॅट. हॉल १२ बाय १८ फुटांचा, वर स्लॅब, उंची १० फूट. ऐकणं मुख्यतः ख्याल, नाट्यसंगीत, जुनी हिंदी गाणी, अधूनमधून थोडं रॉक. आत्ताचे स्पीकर छोटे, ८५ डेसिबल सेन्सिटिव्हिटीचे. तबल्याची जोरकस थाप आली की आवाज चिरकतो. दुकानदार ९८ डेसिबलचे टॉवर, म्हणजे जमिनीवर उभे राहणारे उंच स्पीकर, घ्या म्हणतोय. मित्र म्हणतोय ट्यूब विका आणि १०० वॅटचा ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प आणा. दोघांतलं कुणाचं ऐकावं?

अ‍ॅम्प विकू नका, स्पीकरच बदला. मात्र ९८ या आकड्यावर भाळून बदलू नका. मी जळगावात अ‍ॅम्प दुरुस्तीचं आणि घरोघरी स्पीकर बसवून देण्याचं काम करतो. या आकड्यामागे धावून घरात खोकी आणणारे आणि वर्षभरात ती विकायला काढणारे लोक मला नेहमी भेटतात. म्हणून उत्तर जरा लांबवतो.

आधी चिरकण्याचा हिशोब. सेन्सिटिव्हिटी म्हणजे स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो तो आकडा. आठ ओहमच्या स्पीकरला २.८३ व्होल्ट म्हणजे बरोबर एक वॅट. वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात, दहापट केले की दहा. कानाला आवाज ‘दुप्पट झाला’ असं वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात. म्हणजे १० वॅटचा अ‍ॅम्प काढून २० वॅटचा आणला तर फरक जाणवतो, पण जेमतेम.

तुम्ही स्पीकरपासून नऊ-दहा फुटांवर बसता असं धरू. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबल गळतात. खोलीत भिंती परत देतात, त्यामुळे तेवढे गळत नाहीत. तीन मीटरवर पाचेक डेसिबल गेले आणि दोन स्पीकर मिळून तीन परत आले, म्हणजे एकूण दोनचा तोटा. तुमचे ८५चे स्पीकर बसायच्या जागी एका वॅटला ८३ देतात. बऱ्यापैकी मोठ्या आवाजात ऐकताना सरासरी ८० डेसिबल असेल, तर डग्ग्यावरची थाप किंवा तारसप्तकातली तान तिच्या वर १५ ते २० डेसिबल उडी मारते. म्हणजे शिखर १००च्या आसपास. ८३ वरून १०० गाठायला १७ डेसिबल हवेत, म्हणजे चॅनलला ५० वॅट. तुमच्याकडे १२ आहेत. तो ९४ला दम टाकतो आणि पुढची थाप कापली जाते. तुम्हाला ऐकू येतं ते चिरकणं हेच.

आता स्पीकर खरोखर ९२चा असेल तर बसायच्या जागी ९० मिळतात, आणि शंभराला १० वॅट पुरतात. ९४चा असेल तर सहा-साडेसहा वॅट. बघा, तुमच्या १२ वॅटला ९८ची गरजच नाही. खरे ९२ ते ९४ मिळाले की काम झालं. ‘खरे’ या शब्दावर जोर द्या, त्याकडे पुढे येतोच.

मित्राचा सल्ला चुकीचा नाही. १०० वॅटने हेच ८५चे स्पीकर शिखर गाठतील. पण त्या छोट्या वूफरच्या, म्हणजे बास वाजवणाऱ्या भागाच्या, व्हॉइस कॉइलमध्ये (कोन हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात) मग त्या थापेला ५० वॅट जाणार. कॉइल तापते, आणि तांब्याचा रोध दर अंश सेल्सियसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. कॉइल शंभर अंशांनी तापली तर रोध जवळजवळ ४० टक्क्यांनी वाढतो आणि स्पीकर ऐन जोरात दबतो. शिवाय छोट्या कोनला तेवढी हवा ढकलायला पुढेमागे खूप हलावं लागतं. जास्त सेन्सिटिव्हिटीच्या स्पीकरमध्ये तबला ‘जिवंत’ वाटतो तो यामुळे. कॉइल थंड असते, मोठा कोन जेमतेम हलतो, आणि थाप जशी आहे तशी बाहेर पडते. मला असे स्पीकर आवडतात, हे लपवत नाही.

मग सगळेच स्पीकर ९५चे का नसतात? तर एके काळी असायचे. पॉल क्लिप्शने अमेरिकेत १९४६ साली क्लिप्शहॉर्न हा स्पीकर बाजारात आणला, कंपनी त्याची सेन्सिटिव्हिटी १०५ सांगते. तेव्हा अ‍ॅम्प दहा-पंधरा वॅटचे असायचे, थिएटरातसुद्धा फार मोठे नव्हते, त्यामुळे प्रत्येक वॅट मोलाचा होता. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर यांच्या अकूस्टिक रिसर्च कंपनीने एआर-१ हा स्पीकर काढला. बंद खोकं, कोनला धरून ठेवणारं मऊ सस्पेन्शन, लहान आकारात खोल बास, पण त्याची किंमत सेन्सिटिव्हिटीत मोजायची. पुढे ट्रान्झिस्टरमुळे वॅट स्वस्त झाले आणि सगळं जग त्या वाटेने गेलं. बीबीसीचा १९७०च्या दशकातला प्रसिद्ध एलएस३/५ए स्पीकर जेमतेम ८२-८३चा. गायकाचा गळा त्याच्यावर ऐकावा, पण तुमच्या १२ वॅटवर नाही.

यामागे एक नियम आहे. स्पीकरवाले त्याला हॉफमनचा लोखंडी नियम म्हणतात, केएलएच कंपनीच्या तीन संस्थापकांपैकी एकाच्या नावावरून. लहान खोकं, खोल बास आणि जास्त सेन्सिटिव्हिटी या तिघांतल्या दोनच गोष्टी मिळतात. आकड्यांत सांगायचं तर कार्यक्षमता खोक्याच्या घनफळाच्या पटीत वाढते आणि बासच्या तळाच्या वारंवारतेच्या घनाच्या पटीत. बास एक सप्तक खाली न्यायचा आणि सेन्सिटिव्हिटी तीच ठेवायची तर खोकं आठपट. बास तोच ठेवून तीन डेसिबल वाढवायचे तर खोकं दुप्पट.

हा नियम दुकानात फार उपयोगी पडतो. ४० हर्ट्झपर्यंत उतरणारं १०० लिटरचं खोकं घ्या. आखणी कितीही चोख असली तरी बंद खोक्यात ९३ आणि पोर्ट (हवा आतबाहेर जायचं भोक) असलेल्या खोक्यात ९६च्या पलीकडे जाता येत नाही, आणि प्रत्यक्षात थोडं अलीकडेच थांबावं लागतं. हॉलमध्ये शोभणारा सडपातळ टॉवर आतून ५०-६० लिटरचा असतो, त्यामुळे त्याची मर्यादा आणखी तीन डेसिबल खाली येते. असल्या टॉवरच्या कागदावर ‘९८ डेसिबल, ३२ हर्ट्झ’ लिहिलेलं असेल तर दोन्हीपैकी एक आकडा ताणलेला आहे. बहुतेक वेळा पहिला.

ताणतात कसे? काही कंपन्या सेन्सिटिव्हिटी प्रतिध्वनी नसलेल्या खोलीत मोजतात, काही साध्या खोलीत मोजतात आणि भिंतींनी परत दिलेला आवाजही जमेला धरतात. दुसऱ्या पद्धतीने आकडा सहज तीनेक डेसिबलने फुगतो. कुणी मधल्या पट्टीतला सर्वांत उंच भाग बघून आकडा लिहितं. त्यात फसवणूक आहेच असं नाही, पण दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. परदेशी मासिकं स्वतः मोजमाप करून छापतात. तुमच्या डोक्यात असलेल्या मॉडेलचं तसं मोजमाप मिळालं तर तोच आकडा धरा, आणि नाही मिळालं तर खोक्याचा आकार बघा. आकार खोटं बोलत नाही.

स्पीकरच्या तोंडावर हॉर्न, म्हणजे भोंग्यासारखा भाग, दिसला की माणसं खूश होतात, तेही जरा आवरा. हॉर्नच्या मागचा कॉम्प्रेशन ड्रायव्हर (वरचे सूर काढणारा भाग) स्वतः १०५च्या वरच असतो. क्रॉसओव्हरमध्ये (सूर वूफर आणि हॉर्नमध्ये वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) रोध घालून त्याला वूफरच्या पातळीवर खाली आणतात. पूर्ण स्पीकरची सेन्सिटिव्हिटी वूफर ठरवतो, वरचा हॉर्न नाही. सहा इंची वूफरवर सुंदर हॉर्न बसवला म्हणून तो वूफर मोठा होत नाही.

आता तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट, आणि हीच दुकानात कुणी सांगत नाही. इम्पीडन्स, म्हणजे स्पीकर विजेला करतो तो रोध, ओहममध्ये मोजलेला. वर म्हटलं की २.८३ व्होल्ट म्हणजे आठ ओहमला एक वॅट. चार ओहमला तेच व्होल्ट दोन वॅट होतात. म्हणजे चार ओहमचा ९२ डेसिबलचा स्पीकर एका वॅटला ८९च देतो. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पला फारसा फरक पडत नाही, कारण तो चार ओहममध्ये जास्त वॅट काढतो. तुमचा ट्यूब अ‍ॅम्प तसं करू शकत नाही. त्याच्या मागे ४ आणि ८ ओहमचे टॅप (स्पीकरची वायर लावायच्या जागा) असतात आणि दोन्हीकडून साधारण तेच १२ वॅट मिळतात. दोन वूफर समांतर जोडून व्होल्टमागे सहा डेसिबल मिळवायचे आणि मोठा आकडा छापायचा, ही टॉवर बनवण्याची सर्रास रीत आहे. त्यातले तीन डेसिबल तुमच्या ट्यूबला कधीच मिळत नाहीत.

आणि ‘८ ओहम’ असं लिहिलेलं असलं तरी तेवढ्यावर थांबू नका. स्पीकरचा इम्पीडन्स वारंवारतेनुसार वरखाली होतो. आंतरराष्ट्रीय मानकानुसार तो नाममात्र आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ लिहिलं तर किमान ६.४. प्रत्यक्षात हे फार थोडे पाळतात. फोकलचा अरिया ९३६ चांगला स्पीकर आहे, सेन्सिटिव्हिटी ९२. पण कंपनी स्वतःच नाममात्र ८ आणि किमान २.८ ओहम लिहिते. सशक्त ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर तो मी आनंदाने लावून देईन, ईएल८४वर नाही.

उतार-चढाव मोठा असेल तर नुसतं वॅटांचं नुकसान होत नाही, सूरही बदलतो. ट्यूब अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (त्याचा स्वतःचा आतला रोध) एक ओहम असू शकतो, फीडबॅक (बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग परत आत देऊन चूक सुधारणं) नसलेल्या सिंगल-एंडेड (पुश-पुल नसलेल्या) अ‍ॅम्पमध्ये अडीच-तीन. स्पीकर कुठे साडेतीन आणि कुठे पंचवीस ओहम असेल, तर अडीच ओहमच्या अ‍ॅम्पवर त्या दोन जागांत सुमारे चार डेसिबलचा फरक पडतो. तुमच्या अ‍ॅम्पमध्ये फीडबॅक असणार, तरी एक ओहम धरला तर दोनेक डेसिबल जातातच. तेवढ्याने गायकाचा आवाज दबलेला किंवा पुढे आलेला वाटू शकतो. म्हणून माझ्या लेखी तुमच्यासाठी सरळ, न डगमगणारा ८ ओहमचा ९१ डेसिबल हा चार ओहमच्या ९५पेक्षा केव्हाही चांगला.

बास किती हवा, तर तुमच्या ऐकण्याला लोक सांगतात तेवढा नाही. पेटीवरच्या काळी एकचा षड्ज १३८ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पुरुष गायकाच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झ. काळी चारच्या गायिकेसाठी तर ती शंभराच्याही वर. डग्गा सत्तरच्या खाली थोडा उतरतो. ४५ हर्ट्झपर्यंत स्वच्छ येणारा स्पीकर ख्याल आणि नाट्यसंगीताला भरपूर झाला, रॉकच्या बास गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तीही जवळजवळ आली. लोखंडी नियमात तुम्ही इथे वाचवू शकता. बासचा हट्ट सोडला की तेवढ्याच खोक्यात सेन्सिटिव्हिटी मिळते. ‘२८ हर्ट्झ’ असं मिरवणारे टॉवर तुमच्यासाठी नाहीत.

तुमची खोलीही तेच सुचवते. आपल्याकडच्या उन्हात आवाजाचा वेग सेकंदाला ३४९ मीटर धरला, तर १८ फुटांच्या लांबीत ३२ हर्ट्झला, १२ फुटांच्या रुंदीत ४८ला आणि १० फुटांच्या उंचीत ५७ला खोली स्वतःच घुमते. तळाचे आकडे खोलीच पुरवणार आहे, थोडे जास्तच. खान्देशातल्या जुन्या धाब्याच्या घरांत हा त्रास कमी. मातीच्या जाड भिंती, सागाचे सर, वर मातीचं धाबं आणि घरभर अडगळ, त्यामुळे आवाज मुरतो. नव्या स्लॅबच्या हॉलमध्ये चकचकीत फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती आणि एक सोफा. तिथे टाळी वाजवली तरी घंटेसारखी वाजते. भुसावळच्या एका ग्राहकाच्या आईने नवे महागडे टॉवर ऐकून सांगितलं होतं, “आवाज मोठा येस, पन गानं समजत नही.” अगदी बरोबर निदान. दोष टॉवरचा नव्हता.

यावर शहरात विकत मिळणारे फोमचे काळे चौकोन चिकटवू नका, एक इंच फोम फक्त वरचे सूर खातो आणि गुणगुण तशीच राहते. आपण कापसाच्या मुलखात आहोत. चार इंच जाडीच्या लाकडी चौकटी करून घ्या, पिंजाऱ्याकडून जुन्या गादीचा कापूस पिंजून आत भरा, वर साधं सुती कापड. अशा चार-पाच चौकटी स्पीकरच्या बाजूच्या भिंतींवर आणि तुमच्या डोक्यामागे लावा. मागे दोन इंच पोकळी सोडली तर आणखी खालपर्यंत काम करतात. जमिनीवर जाड सतरंजी किंवा दोन गोधड्या. कापूस पेट घेतो, तेव्हा अ‍ॅम्पच्या आणि वायरिंगच्या जवळ नको, आणि उंदरांची सोय होऊ नये म्हणून मागची बाजू जाळीने बंद करा. स्पीकरवरच्या खर्चातले दहा टक्के इथे घातलेत तर पुढच्या किमतीचा स्पीकर आणल्याइतका फरक पडतो.

हॉर्नचा एक फायदा याच उघड्या भिंतींमुळे आहे. तो आवाज ठरावीक कोनात पाठवतो, बाजूच्या भिंतींवर कमी आदळतो. बारा फुटांच्या रुंदीत त्याचा उपयोग होतो. पण मोठा वूफर आणि हॉर्न एकजीव व्हायला आठ-नऊ फूट अंतर लागतं, तेवढं तुमच्याकडे आहे. स्पीकर १२ फुटांच्या भिंतीकडे ठेवा, तोंड लांबीच्या दिशेने. मागच्या भिंतीपासून दोन-अडीच फूट सोडा, आणि तुम्ही स्वतः मागच्या भिंतीला टेकून बसू नका, तिथे बास सगळ्यात जास्त घुमतो.

आता विजेचं आणि उन्हाळ्याचं, कारण हे पुण्या-मुंबईचे सल्लागार विचारातच घेत नाहीत. संध्याकाळी तालुक्याच्या गावी व्होल्टेज १९० वर आलं तर अ‍ॅम्पची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते: २३०च्या जागी १९० म्हणजे १२ वॅटचे ८ उरतात. हिशोबात दोन डेसिबल राखून ठेवा आणि चांगला सर्व्हो स्टॅबिलायझर लावा. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट ट्यूब अ‍ॅम्पला देऊच नका, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो आणि ती गुरगुर स्पीकरमधून येते. इथे जास्त सेन्सिटिव्हिटीची दुसरी बाजू कळते. अ‍ॅम्पची जी घरघर ८५च्या स्पीकरवर ऐकूच येत नव्हती, ती ९५वर दहा डेसिबलने मोठी होऊन समोर येते. स्पीकर आणण्याआधी अ‍ॅम्पचे जुने फिल्टर कॅपॅसिटर (विजेची घरघर गाळणारे भाग) तपासून घ्या आणि घराचं अर्थिंग खरं आहे का ते बघा. आपल्याकडे बऱ्याच घरांत तिसरी पिन नुसती शोभेला असते. ९८-१००चे स्पीकर तुम्हाला नकोत असं मी म्हणतो त्याचं हे एक मोठं कारण आहे, रात्री गाणं थांबलं की घरभर ‘हूं’ ऐकत बसावं लागतं.

आणि कूलर. मार्चपासून पाऊस येईपर्यंत हॉलमध्ये कूलर चालणारच. पूर्ण वेगावर त्याचा आवाज साठ डेसिबलच्या आसपास जातो, मग तंबोरा त्याच्या वर आणायला सगळंच वाढवावं लागतं. त्या महिन्यांत जास्त सेन्सिटिव्हिटी कामाला येते हे खरं, पण कूलर खिडकीबाहेर बसवून वेग एक पायरी कमी केलात तर तोच फायदा फुकट मिळतो. कूलरची ओली हवा थेट स्पीकरवर येऊ देऊ नका, कागदाचा कोन आणि एमडीएफ दोघांनाही ती सोसत नाही.

जुने स्पीकर घ्यायचा मोह झाला तर कोनभोवतीची कड बोटाने हलकेच दाबून बघा. फोमची कड वर्षांनी भुगा होते, आपल्या उन्हात लवकरच. कापडाची घडीदार कड टिकते, आणि बऱ्याच जास्त सेन्सिटिव्हिटीच्या वूफरना तीच असते. खोक्याच्या तळाशी वाळवी, मागच्या पोर्टमध्ये कुंभारीण माशीचं मातीचं घर किंवा पाल, हे सगळं मी काढलेलं आहे. पोर्टच्या आतून मच्छरदाणीची जाळी लावली की प्रश्न मिटतो, आवाजात काही फरक पडत नाही.

मंडपवाल्यांच्या पंधरा इंची पीए स्पीकरबद्दल विचारणारे खूप असतात, तुम्हीही शेवटी विचारलंत. सेन्सिटिव्हिटी ९७-९८ असते आणि तीही खरी. पण बास ६०-७० हर्ट्झला संपतो आणि हॉर्न शंभर फुटांवरच्या गर्दीसाठी आखलेला असतो, दहा फुटांवर कान दुखवतो. हाताला काम येत असेल तर चांगले प्रोफेशनल ड्रायव्हर घेऊन, जळगावच्या सुतारांकडून १८ मिलिमीटर मरीन प्लायची मोठी खोकी करून सुंदर स्पीकर बनतात. तो वेगळा विषय आहे, एका उत्तरात मावणार नाही.

ऐकायला तुम्हाला नाशिक, पुणे किंवा मुंबईलाच जावं लागेल. आपला अ‍ॅम्प बरोबर न्या, जड असला तरी. दुकानातल्या २०० वॅटवर ऐकून घेतलेला निर्णय तुमच्या घरी लागू पडत नाही. आणि दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा करून घ्या, नाहीतर जास्त सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर दर वेळी जिंकतो, कारण तो नुसता मोठा वाजतो. मोबाइलवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप नेमका आकडा सांगत नाही, पण दोघांतला फरक सांगायला पुरतं. मोबाइल बसायच्या जागी ठेवा, पिंक नॉइज (सगळे सूर एकत्र असलेला, धबधब्यासारखा चाचणीचा आवाज) लावा, दोन्ही एका पातळीवर आणा, मग ऐका.

काय ऐकायचं? आधी सनई. हॉर्नमध्ये नाकातून बोलल्यासारखा दोष असेल तर सनई लगेच उघडा पाडते. मग पेटी आणि पुरुषी ख्याल एकत्र, गळा आणि पेटी एकमेकांत मिसळून चिखल होतो का ते बघा. मग बालगंधर्वांचं ७८ आरपीएमच्या तबकडीवरून आलेलं एखादं पद. वरचे सूर भडक असलेला हॉर्न पदापेक्षा तबकडीची खरखरच पुढे आणतो, आणि तुमच्या संग्रहात असं बरंच असेल. मूळ आवाज कानात ताजा हवा असेल तर जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवाला एक रात्र बसा, पुढच्या रांगेत, जिथे भोंग्यांपेक्षा मंचावरचा तबला थेट ऐकू येतो.

नावंच हवीत तर तुमच्या गरजेला जवळची चार सांगतो. क्लिप्श हेरसी ४: बारा इंची वूफर, कंपनीचा आकडा ९९, बास ४८ हर्ट्झपर्यंत, आकड्यातून काही डेसिबल वजा केले तरी तुमच्या १२ वॅटला ढिगाने पुरतो. वर म्हटलेली घरघर याच्यावर जाणवेल, म्हणून अ‍ॅम्प आधी शांत करून घ्या. फोर्टे ४ त्याचाच मोठा भाऊ, मागे पंधरा इंची पॅसिव्ह रेडिएटर (आतल्या हवेने हलणारा, कॉइल नसलेला कोन), त्यामुळे मागच्या भिंतीशी त्याचं पटवून घ्यावं लागतं. टॅनॉयचा चेव्हियट ९१चा, बारा इंची, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा भाग) वूफरच्याच मध्यात. मानवी गळ्याला माझी पहिली पसंती. डेव्होरचा ओरँगुटान ओ/९६ तर १० ओहमचा, ९६ डेसिबल, मुद्दाम ट्यूबसाठीच आखलेला, पण किंमत ऐकून घरात भांडण होईल. मी तुमच्या जागी असतो तर आधी चेव्हियट ऐकला असता आणि रॉकसाठी तो मवाळ वाटला तर हेरसीकडे वळलो असतो. एकाच कागदी कोनचे, मध्ये छोटा पांढरा शंकू असलेले फुलरेंज स्पीकरही कुणी सुचवेल. एकट्या गळ्याला ते अप्रतिम असतात, पण ऑर्केस्ट्रा आला की ओरडतात. तुमच्या मिश्र ऐकण्याला नकोत.

दुकानदाराने सुचवलेल्या टॉवरचं मॉडेल तुम्ही लिहिलं नाही. त्याला एवढंच विचारा, किमान इम्पीडन्स किती आणि आतलं घनफळ किती लिटर. पहिला आकडा पाचच्या खाली आणि दुसरा साठच्या खाली असेल तर त्या ९८मधले तुमच्या वाट्याला ९० आले तरी पुष्कळ.

स्पीकर घरी आले की एक प्रयोग करा. अ‍ॅम्प बंद करून वायर ८ ओहमच्या टॅपला लावा, आठवडाभर ऐका, मग ४च्या टॅपला लावून आठवडाभर ऐका. ४वर आवाज किंचित कमी होईल, पण डग्गा जास्त आवळलेला वाटू शकतो, कारण त्या टॅपचा आउटपुट इम्पीडन्स साधारण निम्मा असतो. जो आवडेल तो ठेवा, कागदावर काय लिहिलंय ते बघू नका. टॅप बदलताना अ‍ॅम्प चालू असू देऊ नका, आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालवू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळाला तर तो गुंडाळून देणारा माणूस आता शोधावा लागतो.